टॅबचा सौदा

गावोगावी एसटीडीचे बूथ निघत होते त्या काळात मी चौसाळ्यातल्या दुकानातला टाइपरायटर विकला आणि बीडहून जुना कॉम्प्युटर आणला. तिथला दुकानदार भावात काही केल्या खाली उतरेना, तेव्हा मशीनबरोबरचं माहितीचं जाडजूड पुस्तक मी त्याच्यापुढे सरकवलं.

"हे ठेवून घ्या आन् तेवढे कमी करा."

तो लगेच कबूल झाला. माझं कुठेतरी चुकतंय हे मला तिथंच कळायला पाहिजे होतं.

मशीन एक आणि माणसं दोन. मी आडत्याचा रोजचा भावाचा कागद छापायचो. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा असे चौकोन कागदावर आधीच असत, आपण फक्त आकडे बसवायचे. धाकटा भाऊ दुकानदारांसाठी हिशेबाचे प्रोग्राम लिहायचा. दोघांचं काम एकाच एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर टाइप करायच्या प्रोग्राममध्ये. टॅबची कळ दाबली की तो एडिटर ठरलेल्या रिकाम्या जागा सोडायचा. माझ्या चौकोनांना आठ जागा लागत. धाकटा प्रोग्रामच्या ओळी एकीपेक्षा एक आत सरकवत लिही, त्याला तीनच हव्या असत, नाहीतर त्या ओळी पडद्याबाहेर पळत. सेटिंग मात्र साऱ्या मशीनला मिळून एकच. जो आधी बसेल तो आपलं करून ठेवी.

टाइपरायटरच्या सवयीनं मी पडद्याकडे बघत नसे. एक दिवस त्याच्या तिनावरच मी भाव मारले. सगळे आकडे डावीकडे सरकले आणि तुरीचा भाव ज्वारीच्या चौकोनात जाऊन बसला. कागद स्टँडवर चिकटला आणि दुपारपर्यंत आडतीपुढे ज्वारीच्या पोत्यांची थप्पी लागली. आडत्या तरातरा दुकानात आला.

"ज्वारी तुरीच्या भावानं घेऊ व्हय बे? पुन्हा असं झालं तर माझी छपाई बीडला जाईल!"

त्या छपाईवर दुकानाचं भाडं निघत होतं. मी धाकट्यावर उसळलो.

"सेटिंगला हात कावून लावलास?"

"दादा, मशीन तुझ्या एकट्याचं न्हाई."

"घासाघीस कोणी केली?"

"अन् ते चालवायला शिकलं कोण?"

वडिलांचा जन्म बैलबाजारात गेलेला. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून आमच्या हातांवर टाकलं. "वरडू नका. सौदा करा."

बाजारात बैलाचा भाव असाच उपरण्याखाली बोटं दाबून ठरतो. मी आठापासून सुरुवात केली. त्यानं तीन बोटं दाबली. मी सात केले, तो चारावर आला. मग मी सहा केले, आणि शेवटी त्यानं माझा अख्खा पंजा धरला. पाच! वडील खूश झाले. सौदा मोडायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी पाचानं दोघांचाही घात केला. हरभऱ्याचा भाव दोन चौकोनांच्या मधल्या रेघेवर बसला, तो कुणाचा हेच कळेना. धाकट्याच्या ओळी पडद्याच्या कडेला निम्म्या तुटल्या. कागद न्यायला आलेला आडत्याचा माणूस रिकाम्या हातानं परत गेला आणि निरोप घेऊन आला, "उद्या सकाळी नीट कागद द्या, न्हाईतर बंद."

पुस्तकात काही तोड सापडेल म्हणून तसेच आम्ही बीडला गेलो. माझं पुस्तक त्या दुकानदाराच्या काचेच्या कपाटात होतं.

"किती घेता?" मी विचारलं.

"विकायचं न्हाई, साहेब. बसून वाचा. चहा घ्या."

भाव सांगतच नाही अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? धाकटा पानं उलटत एका जागी थांबला आणि मला मराठीत सांगू लागला. डिरेक्टरी म्हणजे मशीनमधला कप्पा. ज्या कप्प्यात काम असेल त्यात सेटिंगची छोटी फाइल ठेवायची. त्या कप्प्यातलं काम उघडलं की एडिटर तिचंच ऐकतो. माझ्या कप्प्यात आठ, त्याच्या कप्प्यात तीन.

"हे तुमाला ठाऊक होतं?" मी दुकानदारावर ओरडलो.

"तुमीच म्हणालतात, पुस्तक नको."

सकाळी आडत्यानं कागदाच्या एकेका चौकोनावर बोट ठेवून पाहिलं. ज्वारी ज्वारीत, तूर तुरीत. तो कागद घेऊन गेला, आणि छपाई आमच्याकडेच राहिली. दुकानदारावरचा माझा राग मात्र अजून गेलेला नाही. पुस्तक ठेवून घेताना त्यानं एक शब्द बोलायला काय हरकत होती?

त्या दिवशी वडिलांनी विचारलं, "शेवटी नमलं कोण?"

"कुणीच न्हाई. त्याचे तीन, माझे आठ."

"मग ह्यो कसला सौदा?" म्हणत त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

मला त्यांचंच म्हणणं पटलं, पण धाकट्यासमोर मी तसं बोललो नाही.