वरच्या मजल्यावरचं कॅल्शियम

“कॅल्शियम फार कमी पडतंय रे. दोन्ही अगदी इवलीशी आहेत अजून, आणि वाढच थांबलीय. छे, आईला कुठं सांगितलंय? तिला कळलं तर...”

आणि नेमका करंट आला! डोशाचं वाटताना गेला होता आणि मी मिक्सरचं बटण बंद करायला विसरले होते. मिक्सर असा काही गर्जला, की पुढचं सगळं बोलणं त्यानंच गिळलं.

आता या अर्ध्या बोलण्यावर मी केवढा डोंगर रचला, ते ऐका. हसा, पण जरा हळू. आमचे हे आत झोपलेत.

तेव्हा बनशंकरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये फोन फक्त आमच्याकडे. वरच्या मजल्यावरचा विनायक त्याचे फोन घ्यायला आमच्या हॉलमध्ये यायचा. मी शहाण्यासारखी उठून स्वयंपाकघरात जायची. स्वयंपाकघराला दार नाही, हा काय माझा दोष?

विनायक कॉम्प्युटर कंपनीत, त्याची बायको सुधा बँकेत. लग्नाला पाच वर्षं झालेली, मूल नाही. आणि आमची माणसं कशी, तुम्हाला माहीतच आहे. तीनशे वर्षांपूर्वी इकडं आलो, कन्नड शिकलो, नाचणीचे गोळे, ते मुद्दे, न चावता गिळायला शिकलो, पण दुसऱ्याच्या सुनेला “काय, विशेष?” विचारायचं काही विसरलो नाही. विनायकची आई गोदाक्का चामराजपेटेतून दर रविवारी यायच्या आणि दर रविवारी विचारायच्या. सुधा हसायची. गोदाक्कांची रिक्षा वळली, की ते हसू पुसलं जायचं. जिन्यातून मला दिसायचं ना!

म्हणून म्हणते, विनायकचं फोनवरचं ते कॅल्शियमचं ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दोन्ही इवलीशी! म्हणजे जुळी!

पण विचारायचं कसं? पहिले तीन महिने तोंडानं बोलायचं नाही, दृष्ट लागते, ही आमची रीत. मूल नसेल तोवर रोज विचारा. दिवस गेले, की तोंडाला कुलूप! मी मुकाट्यानं डिंकाचे लाडू केले, रागीची आंबील केली आणि वर नेऊन दिली.

“अक्का, हे कशाला?” सुधानं विचारलं.

“खा गं. काही बोलू नकोस.”

ती बिचारी खरंच काही बोलली नाही. लाडू चांगले झाले होते.

मी सांगितलं फक्त खालच्या अंबुजम्मांना. “तोंडातून काढू नका हं!”

“अय्यो, मी कोणाला सांगते?”

संध्याकाळी फुलवालीनं सुधाला मल्लिगेचा गजरा हातभर जास्तच तोडून दिला. वाणी तिची पिशवी स्वतः रिक्षात ठेवायला लागला. सगळ्या गल्लीला ठाऊक, आणि सगळी गल्ली गप्प!

आणि मग एका शनिवारी विनायक सिलिंडर घेऊन आला. स्वयंपाकाचा नाही हो. उंच, बारीक, डोक्यावर घड्याळासारखं काहीतरी. असला मी एकदाच पाहिला होता, इस्पितळात, आमच्या मामंजींच्या उशाशी.

ऑक्सिजन! पोरीच्या जिवावर बेतलंय आणि हे दोघं आईला सांगत नाहीत? मी धावत चामराजपेटेला फोन लावला.

“गोदाक्का, मी मंगला. तुम्ही लगेच निघा.”

“काय झालं?”

“काही नाही. म्हणजे आहे. आनंदाचंच आहे, पण घाई आहे. तोंडानं कसं सांगू? येताना हिरवं लुगडं आणा.”

“अगंबाई!” पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला.

गोदाक्का आल्या त्या लुगडं, नारळ, खण सगळं छातीशी धरून. आम्ही दोघी धापा टाकत वर गेलो. दार उघडंच. नेहमी बंद असणाऱ्या आतल्या खोलीत विनायक जमिनीवर पालथा, कान एका काचेच्या टाकीपाशी. सुधा मांडी घालून मनगटावरच्या घड्याळात बघत होती. सिलिंडरची नळी एका उभ्या नळकांड्यात गेलेली, आणि त्या नळकांड्यात पांढरे पांढरे तुकडे. हाडांचे असावेत तसे!

“ऑक्सिजन कोणाला लावलाय?” मी ओरडले.

“ऑक्सिजन नाही, अक्का. सोड्याच्या कारखान्यातला गॅस आहे,” विनायक उठत म्हणाला. “आई? तू कशी इथं?”

मग त्यानं समजावलं. टाकीत समुद्राचं पाणी आणि जिवंत पोवळी. त्यांना अंग धरायला कॅल्शियम लागतं. नळकांड्यातले तुकडे मेलेल्या पोवळ्यांचे. गॅसचे बुडबुडे सोडले, की पाणी आंबट होतं, तुकडे हळूहळू विरघळतात, आणि ते पाणी थेंब थेंब टाकीत पडतं. बुडबुडे जास्त झाले तर सगळं मरेल, म्हणून सुधा घड्याळ लावून ते मोजत होती. आणि घरात हे सगळं, त्यात सिलिंडर, आणलेलं आईला चालणार नाही, म्हणून चोरी.

“मग... दोन इवलीशी?” मी अगदी बारीक आवाजात विचारलं.

त्यानं बोट दाखवलं. खडकाच्या कडेला शेंगदाण्याएवढी दोन पोवळी, जांभळट.

गोदाक्कांच्या हातात लुगडं तसंच. सुधानं त्या लुगड्याकडे पाहिलं, मग लाडवाच्या रिकाम्या डब्याकडे, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं. भूमी दुभंगून पोटात घ्यावं म्हणतात ना, त्याचीच मी वाट पाहत होते.

गोदाक्का पुढे झाल्या आणि लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं. “तुला हा रंग शोभतो, म्हणून आणलं. दुसरं काही नाही.”

मी जिन्यात पळाले. सुधा मागून आली.

“चुकलं गं बाई माझं,” मी म्हटलं. “जीभ हासडून टाक माझी.”

“नको, अक्का. एक सांगू? गेले पंधरा दिवस गल्लीत मला कोणी काही विचारलं नाही. फुलवालीनंसुद्धा नाही. मला कारण कळत नव्हतं, पण पाच वर्षांत पहिल्यांदाच मी जिना मान वर करून उतरत होते.” ती हसली, आणि ते हसू पुसलं गेलं नाही.

पुढच्या रविवारी गोदाक्का आल्या, त्यांनी विचारलं ते पोवळ्यांचं. त्याच्या पुढच्या रविवारीही. मग आम्ही सगळ्याच पोवळ्यांचं विचारायला लागलो.

पण अंबुजम्मांना उत्तर तर द्यायला हवं होतं. त्यांनी मला खालीच गाठलं. “मंगलाक्का, खरं की खोटं?”

“बरंचसं खरं,” मी म्हटलं. “कॅल्शियम कमी होतं, खरं. दोन इवलीशी आहेत, खरं. सासूला सांगितलं नव्हतं, तेही खरं. फक्त आई कोण, तेवढं माझं स्वल्प चुकलं.”