तीन उकळ्यांचं गोणपाट

भाच्याचा फोन आला तेव्हा मी रांजणगावला कंपनीच्या बसमधून उतरत होतो. "मामा, आई गेली..." एवढंच तो म्हणाला. दीड महिना झाला त्याला. त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं, हे मी घरातही बोललेलो नाही. आता सिलिंडर महिनाभर पुरेल, असं आलं.

अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. दाजी गेल्यापासून ती थोडे दिवस केडगावला लेकाकडे आणि बाकी शिरूरला आमच्या दोन खोल्यांत असायची. येताना पिशवीत लुगडी कमी, फाटकी गोणपाटं जास्त. पाबळला कुठल्याशा शिबिरात ती बिनमातीची कोवळी भाजी शिकून आली होती. मिठाईच्या खोक्याचं झाकण घ्यायचं, त्यात धुऊन दोन दिवस उन्हात वाळवलेला गोणपाटाचा तुकडा भिजवून अंथरायचा, वर मोहरी नाहीतर मेथी दाट पसरायची. आठ-दहा दिवसांत बोटभर रोपं कात्रीनं कापायची. लोक मायक्रोग्रीन्स म्हणतात, ती 'बारकी भाजी' म्हणायची. झाकणं फ्रिजवर, कपाटावर, खाटेखाली. एकदा माझ्या हेल्मेटमध्ये, गोणपाटाऐवजी अंथरायला म्हणून, नारळाच्या शेंड्या वाळत घातलेल्या सापडल्या, त्याही शिफ्टला निघताना. बायको सोसायची, मी चिडायचो. नवरात्रातले घट वर्षभर कशाला मांडून बसलीस, असं एकदा मी म्हणालो. तर म्हणे, "घटाचं धान उपटून तुमी टोपीत खोवता, मी खाते. शानं कोन?"

मग दौंडचे पाहुणे माझ्या मुलीला बघायला यायचे ठरले. अक्कानं त्यांच्यासाठी सात झाकणं लावली. पोह्यांवर कोथिंबिरीऐवजी हीच घालायची, हे आठवडाभर बजावून झालं. आदल्या सकाळी ती देवळात गेली आणि मला लाज वाटली... पोत्यावर उगवलेलं पाहुण्यांच्या ताटात? सातही झाकणं पिशवीत कोंबून मी घंटागाडीत टाकली. ती परत आली, फ्रिजवर बघितलं, कपाटावर बघितलं. मी म्हणालो, बुरशी आली होती.

"समद्यास्नी?"

"व्हय."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. खाली बसली आणि म्हणाली, "मंग माझंच चुकलं. गोणपाट न्हाई नीट धुऊन निघालं."

दुसऱ्या दिवसापासून तिनं गोणपाट उकळायला घेतलं. एकदा साध्या पाण्यात, एकदा मिठाच्या, एकदा हळदीच्या. शेगडीवर कायम तिचं पातेलं. माझा चहा अडकायचा, भिंतींना वाफेनं पाणी सुटायचं, गॅस वेळेआधीच संपायचा. मी ओरडायचो, अगं कशाला हे रोज? ती शांतपणे म्हणायची, "तूच म्हनला ना, बुरशी आली व्हती." आठ महिने मी त्या पातेल्यावर चरफडत राहिलो. ते शेगडीवर मीच चढवलं होतं, आणि एका वाक्यात उतरवता आलं असतं.

दहाव्याला केडगावात तिच्याकडून ही भाजी शिकलेल्या, तिच्या बचत गटातल्या बाया भेटल्या. एक म्हणाली, "गोणपाटाला तीन उकळ्या दिल्याबगर आमी त्यावर बी टाकत न्हाई, दादा. सरपान लई जळतं, पन अक्कांनी सांगितलंय." मी मान डोलावली. तिथंही तोंड उघडलं नाही.

म्हणून आता इथं सांगतो. बायांनो, बुरशी नव्हती. रोपं बोटभर, हिरवीगार होती, मी ती फेकली. अक्काची पहिली रीतच बरोबर होती. धुवा, दोन दिवस उन्हात घाला. सरपण वाचवा.

तिचं काळं पडलेलं पातेलं अजून शेगडीशेजारी आहे. दहा-बारा दिवसांपूर्वी तिच्या पिशवीतलं उरलेलं गोणपाट मी नुसतं उन्हात वाळवलं आणि त्यावर मेथी टाकली. उगवलीय चांगली. बायको कात्री घेऊन दोनदा येऊन गेली. मी रोज सकाळी चष्मा लावून, वाकून, देठाशी बुरशी शोधतो. एखादा ठिपका तरी... नाही.