पुणं तर वाटंतच लागंल

परवा मंडईत कांद्याची पोती उतरत होती. तो उग्र, धुळकट वास नाकात शिरला आणि मला लोणंद आठवलं.

नव्वदच्या दशकात आई तिथल्या बाजारात मजुरीनं कांदा निवडायला जायची. सुट्टीत मीही सोबत असायचे. एकदा दुपारी बायका जेवायला बसल्या तेव्हा मी भूगोलाच्या पुस्तकातला हिमालय आईला दाखवला. हातातली भाकरी तशीच धरून ती बघत राहिली. मग म्हणाली, "मी हितं जाणार. बर्फात हुबी ऱ्हाणार."

शेजारच्या शांताकाकू हसल्या. "अगं, आपुन अजून पुणं तरी बघितलंय का?"

"पुणं तर वाटंतच लागंल की," आई म्हणाली.

सगळ्या हसल्या, मीही हसले. मला ती गंमत वाटली होती. आई मात्र बेत सांगत होती, हे आज कळतं.

काही वर्षांनी ती मला नोकरी लागून मी तिला नेण्याचीही वाट न बघता, मजुरीतून साठवलेल्या पैशांवर शांताकाकूंना घेऊन खरंच मनालीला गेली. काकू अजून अभिमानानं सांगतात, "लुगडं वर खोचून बर्फात हुबी राह्यली. म्हटलं, गार लागंल गं. तर म्हणती, लागू दे, त्याच्यासाठीच आलोय न्हवं."