उंबऱ्याबाहेर बसवलेली नर्सबाई

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता आणि आजही नाही. या सदरातले अनुभव वाचून मी शाळेतल्या इतर बायकांबरोबर पोटभर हसलेली आहे. त्यामुळे हे लिहिताना मला भीती वगैरे वाटत नाहीये... संताप येतोय. आणि तो मी लपवणार नाही.

मी बेळगावात, शहापुरात, मुलींच्या शाळेत शिकवते. तरुणपणीच विधवा झाले, शिकले, स्वतःच्या पायावर उभी राहिले. आई-वडील नाहीत. धाकटी बहीण काशी निपाणीजवळच्या बोरगावात दिलेली. नवरा दत्तोबा तंबाखूच्या वखारीत कामाला. तिचा पहिला मुलगा धनुर्वातानं गेला. गावच्या सुईणीनं नाळ विळ्यानं कापली होती — तोही गवत कापायच्या विळ्यानं! सासू म्हणाली, "नशिबात न्हवतं." नशीब कसलं? विळा उकळून घ्यायची अक्कल नव्हती, एवढंच.

दुसऱ्या खेपेला मी ठरवलं, लायसन्स असलेली मिडवाइफच आणायची. लढाईचे दिवस होते, शिकलेली नर्स मिळणं म्हणजे दिव्यच. बेळगावातल्या दोघींनी खेड्यात यायला सरळ नकार दिला. शेवटी निपाणीच्या दवाखान्यात निंगव्वाबाईंचा पत्ता लागला. रीतसर परीक्षा दिलेल्या, सर्टिफिकेट मिळवलेल्या, माझ्यासारख्याच विधवा. बोलणं थोडं, त्यातलं अर्धं कानडी. "खोलीला शेणाचा हात लावू नका, पाणी उकळून ठेवा," एवढंच त्यांनी सांगितलं. दत्तोबा म्हणाला, "आणा आक्का, म्या हाय की." मी रजा काढून बोरगावात जाऊन राहिले.

कळा सुरू झाल्या तसा दत्तोबा बैलगाडी घेऊन गेला आणि भर दुपारी निंगव्वाबाईंना घेऊन आला. सासू दारातच उभी. आधी तिनं त्यांच्या कपाळाकडे बघितलं.

"रांडव बाई? पोरानं डोळं उघडून पयलं हिचं तोंड बघायचं? न्हाय जमायचं. एक घालवलंय आम्ही." मग माझ्याकडे बघून म्हणते, "एक हाय की घरात, दुसरी कशाला आणलीसा, मास्तरीणबाई?"

आणि 'म्या हाय की' म्हणणारा दत्तोबा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभा!

आम्हा दोघींना बाहेर कट्ट्यावर बसवलं. आत ती जुनीच सुईण. आमच्याकडे बाळंतीण अडली की घरातल्या गाठी सोडतात, म्हणजे तिची सुटका लवकर होते म्हणे. त्या दुपारी ट्रंकांची कुलपं काढली, सासूनं बुचडा सोडला, म्हशीचं दावंसुद्धा सोडलं. म्हैस अंगणात मोकळी हिंडत होती... आणि जिला बाळंतपणातलं कळत होतं तिला मात्र दार बंद. आतून काशीचं ओरडणं ऐकू येत होतं. मग ते हळूहळू बारीक होत गेलं.

मला राहवेना. मी उंबऱ्याशी जाऊन ओरडायला लागले. सासू आणि सुईण दोघी भांडायला बाहेर आल्या आणि दार अडवून उभ्या राहिल्या. निंगव्वाबाई माझ्या मागे, एका हातानं माझा पदर घट्ट धरून. दुसऱ्या हातात त्यांची बॅग, बंद. बाळंतिणीच्या खोलीला दार एकच, आणि ते आमच्या सगळ्यांच्या समोर.

तेवढ्यात आतून मूल रडलं.

सासूला ढकलून मी आत घुसले. मुलगी झाली होती. स्वच्छ कापडात गुंडाळलेली. नाळ नीट कापलेली, पांढऱ्या दोऱ्यानं दोन जागी बांधलेली. खोलीत कार्बोलिकचा, दवाखान्यात येतो तसा वास. काशी घामानं भिजलेली, पण शुद्धीवर.

"आक्का, तू आणलेली बाई लई मायाळू गं. 'हेदरबेड, हेदरबेड' म्हणत हुती. कपाळ मोकळं हाय तिचं, तुझ्यावानी."

घाबरू नको, असं कानडीत. काशीनं निंगव्वाबाईंना तोवर पाहिलंही नव्हतं. त्या दारात आल्या तशी ती ओळखीचं हसली. निंगव्वाबाईंनी वाकून नाळ बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्या बांधतो तशीच हाय ही," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं — यल्लम्मादेवी आली, कपाळभर मळवट भरून आली, बाळंतपण करून गेली! काशी पडल्या पडल्या सांगत होती, "न्हाय वं, कपाळ मोकळं हुतं." सासू म्हणे, "गप गं, वातात बोलतीयास." नारळ फुटले, शेजारीपाजारी गूळ वाटला. निंगव्वाबाईंना कुणी घोटभर पाणीही विचारलं नाही. आल्या त्याच गाडीनं परत गेल्या.

इथवरच असतं तर मी हे लिहिलं नसतं.

पुढच्या खेपेला मला कळवलंच नाही. कशाला कळवतील? देवी येणार होती ना! गाठी सोडल्या, दाराशी ओटीचं ताट मांडलं, आणि देवीला संकोच नको म्हणून सुईणीसकट सगळे खोलीबाहेर बसले. काशी आत एकटी. कुणी आलं नाही. रक्त जात राहिलं. ते दार उघडेपर्यंत माझी बहीणही गेली आणि मूलही.

काशीची मुलगी मी भांडून शहापूरला आणली. सासू अजून म्हणते, कुणाचा तरी विटाळ झाला असेल, म्हणून यल्लम्माआई रुसली.

त्या दुपारी आत कोण होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी रोज मुलींना सांगते, कारणावाचून काही घडत नाही. याचं कारण मला सापडलेलं नाही, आणि कुणी सांगितलं तर मी ऐकेन.

काशीचे दिवस झाल्यावर मी निपाणीला गेले आणि डोकं फिरल्यासारखी निंगव्वाबाईंवरच ओरडले, "मग या वेळी का नाही आलात?"

त्या रागावल्या नाहीत.

"त्या येळेला तुम्ही बोलावलं हुतं, बाई," त्या म्हणाल्या. "ह्या येळेला कुणी बोलावलं?"