एका लिटरचा एक किलो

तिसऱ्या दिवशीही गुळाची बिस्किटं ट्रेमधून उचलतानाच मोडली. रंग फिका, गोडी कमी, हाताला नुसतं तेल. शेठनी चुरा चिमटीत घेऊन पाहिला आणि म्हणाले, "मामाचा हात गेला आता. सोमवारी नवीन कारागीर बघू."

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. जालन्याच्या त्या बेकरीत मी नुकतीच केमिस्ट म्हणून लागले होते. बदनापूरहून रोज रेल्वेने यायचे. मामा म्हणजे आमचे भट्टीवरचे कारागीर, वीस वर्षांपासून तिथेच. तेल आणि काकवी, म्हणजे गुळाचा दाट पाक, ते लिटरच्या मापाने घालत. शेठनी इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि मला सगळं वजनात लिहून द्यायला सांगितलं. एका दुपारीच मी कार्ड तयार केलं. दहा लिटर तेलाचे दहा किलो, पाच लिटर काकवीचे पाच किलो. अक्षर सुवाच्य. खाली सहीसुद्धा ठोकली.

कार्डाबाहेर जायचं नाही, अशी शेठची ताकीद होती. मामा ग्रॅमला ग्रॅम जुळवत होते. तरी शनिवारी मीही मनातल्या मनात त्यांच्या वयालाच दोष दिला आणि गाडी गाठली.

सोमवारी शेठ यायच्या आत मामांनी मला काट्यापाशी बोलावलं. एक किलो तेल तोललं आणि आपल्या जुन्या लिटरच्या मापात ओतलं. ते काठावरून सांडलं. माप पुसून एक किलो काकवी ओतली. माप पाऊणसुद्धा भरलं नाही.

माझे कान तापले. लिटर म्हणजे जागा, किलो म्हणजे वजन. लिटरभर पाणी किलोभर भरतं, तेल नऊशे ग्रॅमच्या थोडं वर, काकवी चौदाशेच्या आसपास. याला घनता म्हणतात. परीक्षेत मी त्यावर पानभर लिहिलं होतं.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"सनवारीच. तुमी गेल्त्या तवा करून पाह्यलं."

"मग शेठना का नाही सांगितलं? ते तुम्हाला काढायला निघालेत."

"मला दुसरी भट्टी भेटंल. तुमची पयलीच नोकरी हाय. म्हणलं, आधी बाईला दाखवावं."

मला रडू आलं. शेठ आल्यावर मीच जाऊन सांगितलं की चूक कार्डात आहे, मामांचा हात बरोबर आहे. शेठ भरपूर बोलले. मी ऐकून घेतलं. मग मामांनी मापं भरली, मी वजनं वाचली आणि नवं कार्ड झालं. संध्याकाळची बिस्किटं तांबूस, खुसखुशीत निघाली. नव्या कारागिराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पुढे मी मोठ्या कारखान्यांत काम केलं. तिथवर पोचले ती मामांमुळे, हे मी कुणालाही सांगते. अजूनही नवी रेसिपी आली की आधी माप भरून काट्यावर ठेवते. सही त्यानंतर.