न वाचलेली बत्तीस पानं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते मार्गरेट प्राइस यांचे. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात त्या शाळेत शिकवायच्या. मी त्यांना मावशी म्हणायचो. तासगावच्या मराठी शाळेतून आलेला मी, अमेरिकन सैन्यात नोकरी करत कॉलेज करत होतो. सुट्टीत त्यांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी माझा प्रत्येक निबंध तपासला. "एवढ्या नमस्कारांनंतर मुद्दा कधी येणार, सार्जंट?" त्या विचारायच्या. आमच्या घरातली पहिली पदवी त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिळाली.

त्यांचा मुलगा ओवेन माझ्या तुकडीत होता, स्पेशलिस्ट या हुद्द्यावर, माझ्याहून एक पायरी खाली. जन्म वेल्सचा, दहाव्या वर्षी अमेरिकेत आलेला. तो वेल्श भाषेत कविता करायचा. रविवारी बराकीच्या पायरीवर बूट पॉलिश करताना तो कविता म्हणायचा, अर्थ सांगायचा, आणि मी ती देवनागरीत उतरवून घ्यायचो. मी वाचून दाखवली की तो हसायचा. "वेल्समधल्या माझ्या आजोबांना वाटेल, शेजारचाच पोरगा बोलतोय!" अशा दोन कविता मला पाठ झाल्या.

२००६ मध्ये तुकडी इराकला निघाली. ट्रेनिंगमध्ये माझा गुडघा गेला होता, म्हणून मला केंटकीतल्या तळावर मागे ठेवलं. बसमध्ये चढताना ओवेन म्हणाला, "तुझा गुडघा आमच्या सगळ्यांपेक्षा हुशार निघाला, यार." 'यार' त्याने माझ्याकडूनच उचलला होता.

अकराव्या आठवड्यात, मंगळवारी, ०७४० वाजता फोन आला. रस्त्यात पुरलेला बॉम्ब. ओवेन जागीच गेला. वय चोवीस.

तळावरच्या त्याच्या खोलीत राहिलेल्या सामानाची यादी करायचं काम कॅप्टन होल्ट यांच्याकडे आलं. मदतीला मी. नियम असा की घरच्यांना दुखावेल असा कागद पाठवायचा नाही, नष्ट करायचा. म्हणून प्रत्येक कागद वाचायचा. बूट, दोन जोड. रेझर. लोकरी टोपी. मग हिरवी वही. चौतीस पानं, पानागणिक एक कविता. दुसरी प्रत नव्हती.

"कोणती भाषा?"

"वेल्श, सर."

"वाचता येत नसेल तर पाठवता येणार नाही. नष्ट करावी लागेल."

"मला येते, सर."

"तुला?" त्यांनी माझ्या नावाच्या पट्टीकडे पाहिलं. "वाच."

पहिल्या दोन पानांवर त्याच दोन कविता होत्या. मी वाचल्या. न अडखळता.

"अर्थ?"

"खाणीवरून येणाऱ्या वडिलांसाठी आई दार लोटून ठेवते, सर. दुसरी पावसात भिजलेल्या मेंढ्यांवर आहे."

"आणि बाकीच्या?"

"तशाच, सर."

त्यांनी फॉर्म पुढे केला. 'सर्व पानं तपासली. आक्षेपार्ह काही नाही.' मी सही केली. खोटं पकडलं असतं तर माझी रँक गेली असती. ते मला मंजूर होतं. दुसरी भीती मोठी होती.

गुरुवारी चॅपलमध्ये, गेलेल्या सैनिकासाठी घेतात ती शेवटची हजेरी झाली. फर्स्ट सार्जंटनी ओवेनचं नाव तीनदा पुकारलं. 'हजर' म्हणायला कोणी नव्हतं. त्या संध्याकाळी मी पत्र टाकलं. मराठीत ते असं:

"मावशी,

वही पोचेल. सगळी चौतीस पानं वाचली, अशी माझी सही आहे. मी दोनच वाचली. उरलेल्या बत्तीस पानांत त्याने तुमच्यावर राग काढलाय, की आपली भीती लिहिलीय, मला माहीत नाही. वही नष्ट होऊ नये, एवढंच तेव्हा सुचलं. एखादी ओळ तुम्हाला लागली तर दोष माझा, ओवेनचा नाही.

तुम्ही शिकवलंत तसा आधी मुद्दा लिहिला.

आता नमस्कार."