सशाचा वकील

खोपोलीपासून कर्जतपर्यंत चोराची इतकी कड घेणारा शेतकरी माझ्या मामाखेरीज दुसरा झाला नाही. आणि तो चोर म्हणजे त्याच्याच नाचणीचे कोवळे कोंब खाणारा ससा. रोपे कुरतडलेली दिसली की मामा बांधावरून सशाच्या सात पिढ्यांचा उद्धार करी आणि घरी येऊन मामीला कौतुकाने सांगे, "शेंडाच खाल्ला गं, मूळ राखलं. जाण हाय त्याला." मामी म्हणे, "मंग बोलवा जेवायला. पाट मांडते."

त्याचा खरा वैरी करपा. करपा ही रोपाच्या अंगावर जगणारी बुरशी, असे शेतकी खात्याचा माणूस सांगून गेला आणि मामा पेटलाच. पाहुणा ओटीवर टेकला की पाण्याआधी सवाल: ससा बरा की करपा? उत्तरही मामाच देई. "ससा पोट भरलं की जातो. करपा अंगात बिऱ्हाड करतो, दाणा भरायच्या वक्ताला मान मोडतो. शिवी घालावी तर तोंड कुठं हाय त्याला?"

मी तेव्हा सावकारांविरुद्ध पत्रके काढीत असे. ‘हे सावकार म्हणजे गरिबाच्या शेतात शिरलेले ससे’ असे ठणकावून लिहिले आणि मामाला वाचून दाखवले. तो उठून उभाच राहिला. "खोड ते! सशानं तुजं काय घोडं मारलं रं? करपा लिव." लिहिले. माझ्या इतर पत्रकांत लोकांनी तंबाखू बांधला. हे मात्र बाजारात तोंडपाठ झाले.

पुढे विजेच्या कारखान्यासाठी घाटात सुरुंगांचे बार उडू लागले. मुंबईला उजेड हवा होता; डोंगरात कोण राहते, हे विचारायला कुणी आले नाही. त्या साली एकही कोंब कुरतडलेला नव्हता. शेजारी खूश. मामा रोज सकाळी उतारावर सशाच्या लेंड्या शोधी आणि हात हलवीत परते. मामीचे टोमणेही बंद झाले. करपा मात्र वेळेवर आला. त्याला बार ऐकू येत नाहीत.

आमच्याकडे कापणी चहूकडून आत सरकते आणि ससा असलाच तर शेवटच्या उभ्या तुकड्यात दडतो. मामाने तो तुकडा कापूच दिला नाही. विळा खाली ठेवून समोर बसला. मीही टेकलो. अर्धी पोचट कणसे हलली, तसा त्याने माझा दंड धरला. वारा होता.

"मामा, ऊन कललं. कापू या."

"हळू बोल रं," तो कुजबुजला, "आत असला तर बिचकंल."